लॅपटॉप वाय-फायला जोडला जातो, पण नेट नाही. मोबाईलवर मात्र सगळं चालू

धायरीकर

नमस्कार मंडळी. विंडोज ११ चा लॅपटॉप आहे. वाय-फायची यादी दिसते, पासवर्ड घेतो, 'कनेक्टेड' म्हणतो आणि खाली बारीक अक्षरांत 'नो इंटरनेट, सिक्युअर्ड'. टास्कबारवर वाय-फायच्या पट्ट्यांऐवजी पृथ्वीचा गोल येतो. त्याच वाय-फायवर घरातले मोबाईल आणि टीव्ही व्यवस्थित चालतात. मोबाईलचा हॉटस्पॉट लावून पाहिला, तरी लॅपटॉपचं तेच रडगाणं.

करून झालेले उपाय: राउटर बंद-चालू, लॅपटॉप रीस्टार्ट, नेटवर्क 'फरगेट' करून पुन्हा पासवर्ड, विंडोजचा ट्रबलशूटर. तो म्हणतो, काही सापडलं नाही. सिंहगड रोडवरच्या एका दुकानात विचारलं तर न उघडताच 'फॉरमॅट मारावा लागेल' असं उत्तर मिळालं. डेटा बराच आहे, म्हणून त्याआधी इथे विचारतोय.

पॅचकॉर्ड

फॉरमॅट थांबवा, इतक्यात त्याची काही गरज दिसत नाही.

हॉटस्पॉटवरही तेच होतंय म्हणजे राउटर, फायबर आणि केबलवाला तिघेही निर्दोष. खोट लॅपटॉपमध्ये आहे आणि बहुतेक सेटिंगमध्ये. वाय-फाय कार्ड गेलेलं असतं तर यादी दिसून पासवर्ड स्वीकारला जाण्यापर्यंत गाडी आलीच नसती. 'कनेक्टेड' याचा अर्थ एवढाच की लॅपटॉप आणि राउटर यांचं हवेतून बोलणं जमलं. त्यानंतर लॅपटॉपला आयपी पत्ता (नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) मिळायला हवा, गेटवेपर्यंत, म्हणजे बाहेर नेणाऱ्या राउटरपर्यंत पोचता यायला हवं, तिथून बाहेर पडता यायला हवं, साइटच्या नावावरून तिचा पत्ता लागायला हवा (हे काम डीएनएसचं), आणि मग ब्राउझरने पान आणायचं. यातलं नेमकं कुठे अडतंय ते न बघता रीसेटची बटणं दाबत बसण्यात अर्थ नाही.

स्टार्टमध्ये 'सीएमडी' लिहून काळी खिडकी उघडा आणि पुढच्या आज्ञा द्या. इथे देवनागरीत लिहितोय, टाइप अर्थात रोमन अक्षरांत करायच्या. तिरकी रेघ येते तिच्याआधी एक स्पेस. पिंग म्हणजे एखाद्या पत्त्याला हाक मारून उत्तर येतं का पाहणं (१.१.१.१ हा बाहेरच्या इंटरनेटवरचा पत्ता), एनएसलुकअप म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता विचारणं.

आयपीकॉन्फिग /ऑल
पिंग (इथे वरच्या उत्तरातला डीफॉल्ट गेटवे)
पिंग १.१.१.१
एनएसलुकअप विकिपीडिया.ऑर्ग

पहिल्या आज्ञेचं उत्तर लांबलचक येतं. त्यातला 'वायरलेस लॅन अ‍ॅडॅप्टर वाय-फाय' हाच भाग बघा; वर-खाली 'मीडिया डिसकनेक्टेड' लिहिलेले अ‍ॅडॅप्टर सोडून द्या. डीएचसीपी एनेबल्ड (म्हणजे पत्ता नेटवर्ककडून आपोआप घ्यायचा का), आयपीव्ही४ अ‍ॅड्रेस, सबनेट मास्क, डीफॉल्ट गेटवे आणि डीएनएस सर्व्हर्स एवढ्या ओळी इथे उतरवा. हे सगळं घरच्या वाय-फायवर एकदा आणि हॉटस्पॉटवर एकदा करा.

आणखी एक: मोबाईलचा मोबाईल डेटा बंद करून मग वाय-फायवर नेट चालतं का ते बघा. हल्लीचे फोन वाय-फायला नेट नसलं की गुपचूप डेटावर जातात, त्यामुळे 'मोबाईलवर चालतंय' या साक्षीवर तेवढ्याने विश्वास ठेवता येत नाही. तिथेच वाय-फायच्या तपशिलात मोबाईलला मिळालेला आयपी दिसेल, तोही लिहा.

धायरीकर

धन्यवाद पॅचकॉर्ड. डेटा बंद करूनही मोबाईल घरच्या वाय-फायवर चालतो. त्याचा आयपी १९२.१६८.१.१०४.

लॅपटॉप, घरचं वाय-फाय:
डीएचसीपी एनेबल्ड: नो
आयपीव्ही४: १९२.१६८.१०.५७
सबनेट मास्क: २५५.२५५.२५५.०
डीफॉल्ट गेटवे: १९२.१६८.१०.१
डीएनएस: १९२.१६८.१०.५

हॉटस्पॉटवर अगदी हेच आकडे, काहीच बदल नाही. दोन्ही पिंगना 'डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल', पण शेवटच्या ओळीत 'लॉस्ट = ०' येतं. म्हणजे पोचतंय की नाही? एनएसलुकअपला 'टाइम्ड आउट'.

पॅचकॉर्ड

पहिल्याच ओळीत सापडलं: 'डीएचसीपी एनेबल्ड: नो'. या लॅपटॉपमध्ये कुणीतरी हाताने पत्ता ठोकून बसवलाय. कॉलेजची लॅब, ऑफिस किंवा क्लासच्या नेटवर्कवर होता का आधी?

तुमच्या घरचं नेटवर्क १९२.१६८.१.काहीतरी असं आहे, मोबाईलच्या आयपीवरून ते कळतं. लॅपटॉप मात्र १९२.१६८.१०.१ या गेटवेला हाका मारतोय आणि तो तुमच्या घरात अस्तित्वातच नाही. मास्क २५५.२५५.२५५.० असताना पहिले तीन आकडे जुळले तरच दोन यंत्रं एका आळीत राहतात असं समजायचं. हॉटस्पॉट लावल्यावरही पत्ता तोच राहिला, ही तर हाताने बसवल्याची पक्की खूण. नेटवर्क बदललं की आपोआप मिळणारा पत्ता सहसा बदलतोच.

आता 'लॉस्ट = ०' बद्दल. पिंगच्या ओळी नीट वाचा, 'रिप्लाय फ्रॉम १९२.१६८.१०.५७' असं दिसेल. तो तुमच्याच लॅपटॉपचा पत्ता आहे! गेटवे सापडत नाही हे लॅपटॉप स्वतःच स्वतःला कळवतो, आणि पिंग तेही उत्तर मोजून 'काही हरवलं नाही' म्हणतो. म्हणून टक्केवारी बघायची नाही. उत्तर कुणाकडून आलंय आणि पुढे मिलिसेकंदांत वेळ लिहिलाय का, ते बघायचं.

दुरुस्ती अशी. विंडोज कळ आणि आर एकत्र दाबा, 'एनसीपीए.सीपीएल' लिहून एंटर. 'वाय-फाय'वर राइट क्लिक, प्रॉपर्टीज. यादीतल्या 'इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४' वर डबल क्लिक. त्यासमोरची टिक शाबूत आहे ना तेही बघून घ्या. ती निघालेली असली तरी लक्षणं अशीच दिसतात. काही बदलण्याआधी या खिडकीचा मोबाईलने फोटो काढून ठेवा, ते आकडे लॅबमध्ये पुन्हा लागतील. मग वर 'ऑब्टेन अ‍ॅन आयपी अ‍ॅड्रेस ऑटोमॅटिकली' आणि खाली डीएनएससाठीही 'ऑटोमॅटिकली'. वरचं बदलून खालचं तसंच ठेवलं तर पिंग १.१.१.१ चालेल, पण एकही साइट नावाने उघडणार नाही, कारण १९२.१६८.१०.५ हा लॅबमधलाच डीएनएस आहे. ओके, ओके, वाय-फाय तोडून पुन्हा जोडा.

नंतर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, मग तुमच्या नेटवर्कच्या प्रॉपर्टीज असं जाऊन 'आयपी असाइनमेंट' आणि 'डीएनएस सर्व्हर असाइनमेंट' दोन्हींपुढे 'ऑटोमॅटिक' आहे ना पाहा.

'फरगेट' केल्याने हे का गेलं नाही, तर त्याने त्या वाय-फायचं नाव आणि पासवर्ड पुसला जातो. एनसीपीएमध्ये बसवलेला पत्ता कार्डाला चिकटलेला असतो, कुठल्याही वाय-फायला जोडलं तरी तो सोबत येतो.

रेंज_आहे_का

एवढा खटाटोप कशाला? सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, 'अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज' इथे 'नेटवर्क रीसेट' असतं, ते दाबा. पाच मिनिटांत काम.

पॅचकॉर्ड

झालं असतं त्यानेही. पण रीसेट सगळे नेटवर्क अ‍ॅडॅप्टर काढून नव्याने बसवतं. साठवलेले वाय-फाय पासवर्ड जातात, व्हीपीएन (कूटबद्ध खासगी जोडणीचं सॉफ्टवेअर) असेल तर पुन्हा बसवावा लागू शकतो, आणि लॅबचे आकडे कुठे लिहून ठेवले नसतील तर तेही गेले. कारण सापडत नसेल तेव्हाचा तो उपाय आहे. इथे एनेबल्ड-नो समोर दिसत असताना तोफ कशाला आणायची.

धायरीकर

धाकटा भाऊ हा लॅपटॉप कॉलेजच्या लॅबमध्ये नेत होता, सुट्टीत घरी आलाय. म्हणजे अंदाज बरोबर.

सांगितल्याप्रमाणे केलं. आता आयपी १९२.१६८.१.११२, गेटवे १९२.१६८.१.१, त्याला पिंग २ ते ४ मिलिसेकंद. १.१.१.१ ला उत्तर येतं. एनएसलुकअप पत्ता देतो. पृथ्वीचा गोल जाऊन पट्ट्या आल्या. पण क्रोम आणि एज दोन्हींत एकही पान उघडत नाही! बराच वेळ फिरत राहतं आणि मग 'प्रॉक्सी सर्व्हर'बद्दल काहीतरी म्हणतं.

बुधवारातला

'काहीतरी' नको, एररची खालची बारीक ओळ द्यावी माणसाने. बहुतेक 'ईआरआर प्रॉक्सी कनेक्शन फेल्ड' असणार.

लॅबने पत्त्याबरोबर प्रॉक्सीही दिलेला आहे. लॅबमध्ये ब्राउझर थेट बाहेर जात नाही. मधल्या एका यंत्राला पान मागतो आणि ते यंत्र आणून देतं. घरी ते यंत्र नाही, ब्राउझर त्याचीच वाट बघत बसतो. पिंग आणि एनएसलुकअप प्रॉक्सीला विचारत नाहीत म्हणून ते सुरळीत.

सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, प्रॉक्सी. 'यूज अ प्रॉक्सी सर्व्हर' बंद. तिथे एक आयपी आणि शेवटी ३१२८ किंवा ८०८० असा पोर्ट क्रमांक दिसेल, त्याचाही फोटो घ्या. वरचं 'यूज सेटअप स्क्रिप्ट' चालू असेल तर तेही बंद. 'ऑटोमॅटिकली डिटेक्ट सेटिंग्ज' राहू द्या. क्रोम आणि एज हीच सेटिंग वापरतात. फायरफॉक्सची स्वतःची वेगळी असते: त्याच्या सेटिंग्जमध्ये जनरलच्या तळाशी 'नेटवर्क सेटिंग्ज', तिथे 'यूज सिस्टिम प्रॉक्सी' किंवा 'नो प्रॉक्सी'.

बंद केलेलं बटण रीस्टार्टनंतर पुन्हा आपोआप चालू झालं तर दोन शक्यता. सेटिंग्ज, अकाउंट्स, 'अ‍ॅक्सेस वर्क ऑर स्कूल' मध्ये कॉलेजचं खातं जोडलेलं असेल आणि तिकडून नियम येत असेल. तसं काही नसेल तर फुकटात मिळालेलं एखादं सॉफ्टवेअर ते चालू करतंय. स्टार्टअप अ‍ॅप्सची यादी तपासा आणि विंडोज सिक्युरिटीचा फुल स्कॅन लावा. अनोळखी प्रॉक्सी परत परत उगवणं चांगलं लक्षण नव्हे. तुमचं सगळं ब्राउझिंग दुसऱ्या कुणाच्या तरी यंत्रातून जात असतं. प्रॉक्सीच्या जागी १२७.०.०.१ दिसलं तर ते यंत्र म्हणजे तुमच्याच लॅपटॉपवरचा एखादा प्रोग्रॅम.

रेंज_आहे_का

विषय निघालाच आहे तर माझंही घ्या. लॅपटॉप हॉलमधल्या फायबरच्या राउटरला जोडला की नेट येतं. बेडरूममध्ये रेंज नाही म्हणून जुना राउटर केबल ओढून लावलाय, त्याला जोडलं की 'नो इंटरनेट'. वरची आज्ञा दिली, आयपी १६९.२५४.८३.२० दाखवतो, गेटवे रिकामा. डीएचसीपी एनेबल्ड मात्र 'येस'.

पॅचकॉर्ड

तुमची केस उलटी आहे, लॅपटॉप ठीक आणि राउटरची जोडणी चुकलेली.

१६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता कुणी दिलेला नसतो. लॅपटॉपने 'मला पत्ता द्या' म्हणून हाक मारली, कुणी ओ दिली नाही, मग विंडोजने स्वतःच एक लावून घेतला. प्रश्न असा की बेडरूमच्या राउटरचं डीएचसीपी बंद आहे का, आणि हॉलमधून आलेली केबल त्याच्या कुठल्या पोर्टमध्ये खोचली आहे? एक पोर्ट वेगळ्या रंगाचं असतं, त्यावर 'वॅन' किंवा 'इंटरनेट' लिहिलेलं असतं, बाकीची 'लॅन'.

रेंज_आहे_का

डीएचसीपी बंद केलंय, एका व्हिडिओत तसं सांगितलं होतं. केबल निळ्या 'वॅन'मध्ये.

पॅचकॉर्ड

अर्धा उपाय या पद्धतीचा आणि अर्धा त्या पद्धतीचा, असं झालंय. वॅन पोर्ट म्हणजे राउटरचं बाहेरचं दार. पत्त्यासाठी मारलेली हाक त्या दारापलीकडे जात नाही, ती घरातच फिरते. घरात पत्ता वाटणारा तुम्ही बंद करून ठेवलाय आणि हॉलमधला राउटर दाराबाहेर आहे.

दुसरा राउटर नुसता रेंज वाढवायला हवा असेल तर त्याला अ‍ॅक्सेस पॉइंट करायचं, म्हणजे तो पत्ते वाटणार नाही, फक्त वाय-फाय पसरवेल. त्याच्या पानावर 'ऑपरेशन मोड' किंवा 'एपी मोड' असा पर्याय असेल तर तो निवडा, बाकीचं तोच करतो. फक्त केबल कुठल्या पोर्टात हवी ते त्याच्या माहितीपुस्तकात पाहा. पर्याय नसेल तर हाताने असं:

१. हॉलकडची केबल काढा. लॅपटॉप छोट्या केबलने बेडरूमच्या राउटरच्या लॅन पोर्टला लावा. डीएचसीपी बंद असल्याने लॅपटॉपला तात्पुरता हाताने पत्ता द्यावा लागेल, राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर लॅपटॉपला १९२.१६८.१.५०, मास्क २५५.२५५.२५५.०.

२. ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता टाकून त्याचं पान उघडा. लॅन सेटिंगमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करा, म्हणजे हॉलमधल्या १९२.१६८.१.१ शी टक्कर होणार नाही. हॉलचा राउटर पत्ते कुठून कुठपर्यंत वाटतो तेही बघा. समजा १०० ते १९९ असेल तर २ हा आकडा सुरक्षित. तो २ पासूनच वाटत असेल तर सुरुवात पुढे ढकला.

३. डीएचसीपी बंदच राहू द्या. सेव्ह करून राउटर रीस्टार्ट.

४. हॉलच्या लॅन पोर्टातून आलेली केबल बेडरूमच्या लॅन पोर्टात. वॅन रिकामं. लॅपटॉपचा पत्ता पुन्हा ऑटोमॅटिक करा, हे विसरलं की या धाग्यातला पहिला प्रश्न तुमच्या घरी सुरू होईल.

दोन्ही राउटरना वाय-फायचं नाव आणि पासवर्ड एकच ठेवला तर लॅपटॉप खोली बदलताना स्वतः राउटर बदलतो. २.४ गिगाहर्ट्झचे चॅनल मात्र वेगळे ठेवा: १, ६, ११ यांतले दोन. मधले निवडले की दोघे एकमेकांच्या अंगावर बोलतात, आणि आपल्याकडच्या सोसायट्यांमध्ये वरच्या-खालच्या फ्लॅटचे राउटर त्यात भर घालतातच.

उलट चूकही बरेच जण करतात: केबल लॅनमध्ये आणि दोन्हीकडे डीएचसीपी चालू. मग आधी ओ देईल त्याचा पत्ता मिळतो. नेट कधी चालतं, कधी नाही, रीस्टार्ट केलं की सुधारल्यासारखं वाटतं आणि दोष केबलवाल्याच्या माथी जातो.

सदाशिव_पेठी

आपल्याला पुणे स्टेशन आणि कॅफेतल्या वाय-फायवर तेवढा त्रास होतो. जोडतं, पण मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकायचं पानच उघडत नाही. घरी उत्तम.

बुधवारातला

लॅपटॉपमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ हाताने भरलंय का? अशा वाय-फायवर लॉगिन होईपर्यंत बाहेरचं सगळं अडवलेलं असतं, आणि ते पान बरेचदा त्यांच्याच डीएनएसकडून दाखवलं जातं. तुम्ही बाहेरच्या डीएनएसला विचारलं की वाट बंद. डीएनएस ऑटोमॅटिक करा, ब्राउझरमधला 'सिक्युअर डीएनएस' तेवढ्यापुरता बंद, व्हीपीएन बंद. तरी पान आलं नाही तर ब्राउझरमध्ये एस नसलेला साधा 'एचटीटीपी' पत्ता टाका, उदाहरणार्थ नेव्हरएसएसएल.कॉम. एचटीटीपीएसची साइट मधल्यामध्ये वळवता येत नाही, साधी येते. लॉगिन झाल्यावर व्हीपीएन चालू करा.

घड्याळही बघा. लॅपटॉपची तारीख मागे पडली असेल तर प्रत्येक साइट 'सुरक्षित नाही' म्हणून अडते आणि ते नेट नसल्यासारखं भासतं. बंद करून चालू केल्यावर दर वेळी तारीख मागे जात असेल तर आतली छोटी बॅटरी संपली. बऱ्याच लॅपटॉपमध्ये ती सीआर२०३२ जातीची, ३ व्होल्टची असते, पण वायर आणि कनेक्टरसकट लागते. नुसतं घड्याळाचं बटण सेल आणून भागत नाही.

धायरीकर

प्रॉक्सी बंद केला, तिथे ३१२८ पोर्टच होता. क्रोम, एज दोन्ही चालू. रीस्टार्ट केल्यावरही बंदच राहिला. सगळ्यांचे आभार.

दोन शेपटं उरली आहेत. विंडोज अपडेट अजून एरर देतंय. आणि भाऊ पुढच्या आठवड्यात पुन्हा लॅबमध्ये जाणार. दर वेळी सगळं बदलायचं का?

पॅचकॉर्ड

अपडेट ब्राउझरवाल्या सेटिंगवर अवलंबून नसतं, पार्श्वभूमीतल्या सेवांसाठी प्रॉक्सीची वेगळी नोंद असते. काळी खिडकी 'रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर' करून उघडा:

नेटएसएच विनएचटीटीपी शो प्रॉक्सी

'डायरेक्ट अ‍ॅक्सेस' आलं तर अपडेटचा दोष दुसरीकडे आहे, एररचा क्रमांक इथे द्या. लॅबचाच पत्ता दिसला तर:

नेटएसएच विनएचटीटीपी रीसेट प्रॉक्सी

लॅबचं म्हणाल तर एनसीपीएच्या त्याच खिडकीत पत्ता ऑटोमॅटिक असताना वर 'अल्टरनेट कॉन्फिगरेशन' नावाचा दुसरा टॅब दिसतो. तिथे 'यूजर कॉन्फिगर्ड' निवडून फोटोतले लॅबचे आकडे भरा. घरी राउटर पत्ता देतो, तो वापरला जाईल. लॅबमध्ये पत्ता वाटणारं कुणी नसेल तर विंडोज थोडा वेळ वाट पाहून हे आकडे घेईल. लॅबमध्ये डीएचसीपी असूनही हाताने पत्ता घालायला सांगितला असेल तर ही युक्ती चालणार नाही, तेवढं भावाला तिथल्या लॅब असिस्टंटला विचारायला सांगा.

प्रॉक्सीला असा दुसरा टॅब नाही. तो एक स्विच भावाला तिथे गेल्यावर चालू आणि निघताना बंद करावा लागेल. आकडे तसेच भरलेले राहतात, पुन्हा टाइप करावे लागत नाहीत. नाहीतर लॅबसाठी फायरफॉक्स ठेवा, त्यात 'मॅन्युअल प्रॉक्सी' भरून टाका आणि विंडोजची सेटिंग कायम बंद. क्रोम घरी, फायरफॉक्स लॅबमध्ये.